एकतीस इंचांचा संसार

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्रीनंतर जत्रा भरते. पूर्वी एखाद्या घरातून कुणी एक जण परदेशी जायचा आणि त्याला पोचवायला बारा जण जायचे. आता ते बाराच्या बारा जण विमानात बसतात. मुलगा न्यू जर्सीला आहे म्हणून आई-वडील निघतात, त्यांच्याबरोबर पुण्याची मुलगी, जावई आणि नातवंडंही निघतात. कुणी लंडनला उतरून पुढे युरोपची सहल करतात. साडीखाली नवे कोरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या आजी, कंबरेला पासपोर्टची पिशवी बांधलेले आजोबा आणि ट्रॉलीवर बसून झोपलेली नातवंडं हे दृश्य आता आपल्या सवयीचं झालं आहे.

या प्रवासाची तयारी आपण महिना-महिना करतो. व्हिसा, विमा, बॅगांची वजनं, बेसनाचे लाडू, गोडा मसाला. पण एका गोष्टीची तयारी सहसा कुणी करत नाही. मुंबई ते लंडन हा सुमारे ७२०० किलोमीटरचा प्रवास नऊ-दहा तासांचा आहे. मुंबई ते न्यूयॉर्कजवळचं न्यूअर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. इतका वेळ एका जागी बसायचं ते आपल्या शरीराने. तिथे शरीराचं नेमकं काय होतं, आणि घरातल्या लहान-थोरांना घेऊन जाताना काय सांभाळायचं, ते आज आपण समजून घेऊ.

स्वस्त वर्ग आला कुठून?

विमानप्रवास सुरुवातीला श्रीमंतांचाच होता. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला झालं. ‘मलबार प्रिन्सेस’ नावाच्या त्या विमानात ३५ प्रवासी होते आणि वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे होते. त्या काळी तिकिटांचे दर ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ठरवत असे. या संघटनेने १९५२ साली अटलांटिकवरच्या प्रवासासाठी ‘टूरिस्ट’ वर्गाला मान्यता दिली आणि १९५८ साली त्याहून स्वस्त असा ‘इकॉनॉमी’ वर्ग आला.

स्वस्त वर्गातल्या प्रवाशाला फार लाडावायचं नाही, असाही नियम होता. जेवण म्हणून त्याला फक्त सँडविच द्यायचं. पण सँडविच म्हणजे काय, याची व्याख्या कुणी केली नव्हती. स्कँडिनेव्हियन कंपनीने पावाच्या एका चकतीवर मांस, मासे, चीज यांचा असा काही थर रचला की ते पंगतीचं पान वाटावं. अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीने तक्रार केली, प्रकरण ‘आयाटा’पर्यंत गेलं आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. विमानवाहतुकीच्या इतिहासात ही ‘सँडविचची लढाई’ म्हणून ओळखली जाते.

१९७० साली जंबो जेट आलं. एका विमानात साडेतीनशेच्या वर माणसं बसू लागली, माणशी खर्च उतरला आणि विमानाचं दार मध्यमवर्गाला उघडलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण आज आपण ज्या दाटीवाटीची तक्रार करतो त्या दाटीवाटीमुळेच आपलं तिकीट परवडतं. विमान कंपनी आपल्याला विकते ती जागा. जितक्या खुर्च्या जास्त, तितकं तिकीट खाली.

ही जागा मोजायचं माप म्हणजे ‘सीट पिच’. आपल्या खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचं हे अंतर इकॉनॉमी वर्गात साधारण ३० ते ३२ इंच असतं. पण ही काही पाय पसरायची जागा नव्हे. खुर्चीच्या पाठीची जाडी त्यातच आली. रुंदी असते १७ ते १८ इंच. बोइंग ७७७ या विमानात पूर्वी बऱ्याच कंपन्या एका रांगेत नऊ खुर्च्या लावत, आता बहुतेक ठिकाणी दहा असतात. त्या दहाव्या खुर्चीसाठी उरलेल्या प्रत्येकाने इंच-दीड इंच दिलेला असतो. तिकीट काढताना कोणतं विमान आहे आणि रांगेत किती खुर्च्या आहेत, हे पाहता येतं. सोळा तासांच्या प्रवासात त्या एका इंचाला किंमत असते.

कळसूबाईहून उंच

विमान पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर उडतं. बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास तापमान आणि श्वास घेता येणार नाही इतकी विरळ हवा. म्हणून आत हवेचा दाब वाढवलेला असतो, पण तो जमिनीवरच्या इतका नसतो. तितका ठेवायचा तर विमानाचं कवच फार जड करावं लागेल. नियम असा आहे की आतला दाब ८००० फूट उंचीवरच्या दाबापेक्षा कमी होता कामा नये. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची ५४०० फूट. सिमला साधारण ७२०० फुटांवर. म्हणजे सहारला विमानात चढलेल्या आजी वीस-पंचवीस मिनिटांत सिमल्याच्या आसपास पोचतात आणि तिथेच दहा-पंधरा तास बसून राहतात. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत हा दाब ६००० फुटांच्या बरोबरीचा असतो. तिथे थकवा जरा कमी जाणवतो.

निरोगी माणसाला या उंचीचा त्रास होत नाही. रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण थोडं उतरतं, बोटाला लावायच्या यंत्रावर ते नव्वदच्या थोडं वर दिसेल, आणि शरीर ते सांभाळून घेतं. पण ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस मुळात दुबळं आहे, ज्यांचं हिमोग्लोबिन फार कमी आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला हवं. गरज असेल तर प्राणवायूची सोय कंपनीला आधी कळवून करता येते. आयत्या वेळी नाही.

दाब कमी झाला की हवा फुगते. विमानात वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, तेच आपल्या पोटात होतं. आठ हजार फुटांवर आतड्यातला वायू साधारण तीस टक्क्यांनी जास्त जागा घेतो. म्हणून निघण्याच्या दिवशी उसळी, छोले, सोडावॉटर यांना सुट्टी द्यावी आणि कंबरेला सैल कपडे घालावेत. किडलेल्या दाताच्या पोकळीतली हवासुद्धा फुगते आणि ठणका लागतो. दात दाखवायचा असेल तर जाण्यापूर्वी दाखवावा.

कानाचं दुखणं बहुधा उतरताना होतं. कानाच्या आतल्या बाजूला एक बारीक नळी घशात उघडते. विमान वर चढताना कानातली हवा त्या नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र हवा आत यावी लागते आणि त्यासाठी नळी उघडावी लागते. गिळताना, चघळताना, जांभई देताना ती उघडते. मोठ्यांनी लिमलेटची गोळी चघळावी. मुलांना उतरण्यापूर्वी अर्धा तास जागं करावं. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजावं. विमान उतरताना बाळ रडतं तेव्हा सगळे आईकडे वळून पाहतात, पण बाळाचे कान दुखत असतात. सर्दीने नाक पूर्ण बंद असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उडू नये. पडद्याला इजा होऊ शकते.

राहता राहिली हवेची ओल. बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. त्यामुळे विमानात आर्द्रता दहा ते वीस टक्के एवढीच असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेतून आलेल्या आपल्याला ती फारच कोरडी लागते. डोळे चुरचुरतात, ओठ फुटतात, घसा धरतो. थोडं थोडं पाणी पीत राहावं. ‘सारखं बाथरूमला उठावं लागेल’ म्हणून आपल्याकडच्या बायका पाणी प्यायचं टाळतात. त्यांना उलट सांगावं की उठावं लागलं तर चांगलंच आहे. का, ते आता पाहू.

पोटरीचं काम

हृदय रक्त पायापर्यंत पाठवतं, पण तिथून वर आणायचं बरंचसं काम पोटरीच्या स्नायूंचं असतं. चालताना पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. आपण तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलो की हा पंप बंद पडतो. रक्त साचतं, पाय सुजतात. बहुतेकांची सूज एक-दोन दिवसांत उतरते. पण काही जणांच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. तिला डॉक्टर डीव्हीटी म्हणतात. ही गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकली तर जिवावर बेतू शकतं.

हे विमानामुळेच होतं असं नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. फुप्फुसात गुठळी अडकून अचानक मरण पावणाऱ्यांची संख्या वाढल्याचं डॉ. कीथ सिम्पसन यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते लिहिलं. खुर्चीची पुढची कड मांडीखाली रुतत होती आणि माणसं हलत नव्हती. पुढे लांबच्या विमानप्रवासानंतर असेच रुग्ण दिसू लागले आणि ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव पडलं. ऑक्टोबर २००० मध्ये सिडनीहून लंडनला आलेली एक २८ वर्षांची तरुणी विमानतळावरच कोसळली आणि दगावली. तेव्हा हा विषय जगभर वर्तमानपत्रांत आला.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने यावर मोठा अभ्यास हाती घेतला. २००७ साली त्याचे निष्कर्ष आले. चार तासांहून जास्त प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. पण मुळात तो धोका लहान आहे. निरोगी माणसांत चार तासांवरच्या दर सहा हजार प्रवाशांमागे एकाला. म्हणजे तीनशे प्रवाशांची वीस विमानं भरली तर त्यांतल्या एकाला. तेव्हा घाबरून घरी बसण्याचं कारण नाही. पण एका घरातले पाच-सहा जण निघाले की त्यांत कुणी ना कुणी जास्त धोक्यातलं असतंच. त्या माणसाला ओळखणं महत्त्वाचं. आणि हो, हा धोका फक्त विमानाला नाही. बसने, गाडीने, रेल्वेने चार तासांच्या वर एका जागी बसलं तरी तो आहे. बिझनेस क्लासवाल्यांचीही त्यातून सुटका नाही.

जास्त धोका कुणाला? ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा घरात कुणाला झाली आहे. ज्यांचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालं आहे, विशेषतः गुडघ्याचं किंवा खुब्याचं. ज्यांना कर्करोग आहे, ज्या गरोदर आहेत किंवा नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, ज्या संततिनियमनाच्या किंवा इतर हार्मोनच्या गोळ्या घेतात, ज्यांचं वजन फार आहे. याखेरीज त्या अभ्यासात एक गोष्ट आढळली ती आपल्या घरांना फार लागू आहे. खूप उंच माणसांना धोका जास्त, तसाच पाच फूट तीन इंचांहून कमी उंचीच्या माणसांनाही जास्त. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते. आपल्याकडच्या किती आया आणि आज्या या उंचीत बसतात, ते आठवून पाहा. त्यांच्यासाठी हातातली छोटी पिशवी पायाखाली ठेवा. तळवे टेकले पाहिजेत, एवढंच बघायचं.

दुसरी गोष्ट खिडकीची. खिडकीपाशी बसणाऱ्यांत गुठळीचं प्रमाण जास्त आढळलं, कारण ते उठत नाहीत. आजी म्हणतात, “मी आपली कडेला खिडकीशी बसते गं, कुणाला त्रास नको.” तेव्हा सुनेने सांगावं, “आई, तुम्ही वाटेकडच्या सीटवर बसा. उठायला बरं पडतं.” खिडकी नातवाला द्या. तो आपोआप सगळ्यांना दहा वेळा उठवेल.

करायचं काय, ते सोपं आहे. दर तास-दीड तासाने, जागे असाल तेव्हा, पट्टा लावायची खूण बंद असताना उठून एक फेरी मारा. बसल्या जागी टाच टेकून चवडा उचला, मग चवडा टेकून टाच उचला, असं वीस-पंचवीस वेळा. पायावर पाय टाकून झोपू नका. पुढच्या सीटखाली पिशव्या कोंबून पायांची जागा घालवू नका. झोपेची गोळी घेऊन सात-आठ तास निपचित पडणं आणि त्यावर मद्य घेणं, दोन्ही टाळा. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनी गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, डॉक्टरांना विचारून मापाने घ्यावेत. त्यांचा उपयोग होतो हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. ‘रक्त पातळ होतं’ म्हणून मनाने ॲस्पिरिन घेण्याची शिफारस मात्र तज्ज्ञ करत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचं पुढेच आहे. गुठळीचा त्रास विमानात दिसेलच असं नाही. तो पोचल्यावर दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी, कधी महिन्यानेही दिसू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम आणि लाल झाली, तर ‘चालून चालून दुखतोय’ म्हणून तेल चोळत बसू नका. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर सरळ इमर्जन्सी गाठा. आणि तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक दिवसांपूर्वी इतक्या तासांचा विमानप्रवास झाला आहे. त्या एका वाक्याने डॉक्टरांचा तपास योग्य दिशेने जातो. आपल्या आई-वडिलांना खर्चाची भीती वाटते, मुलाला त्रास नको असं वाटतं आणि ते दुखणं लपवतात. म्हणून प्रवासाचा वैद्यकीय विमा काढलेला असावा आणि तो काढला आहे हे त्यांना माहीत असावं.

मांडीवरचं बाळ

दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतंत्र सीट घ्यावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्यांच्या तिकिटाच्या साधारण दहा टक्क्यांत ते मांडीवर बसून जातं. पैसे वाचतात, म्हणून बहुतेक जण तसंच करतात. पण त्याची दुसरी बाजू माहीत असावी. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी इथे नादुरुस्त झालेलं एक विमान उतरताना कोसळलं. त्यात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे आयांना सांगितलं गेलं की बाळांना जमिनीवर ठेवून धरा. धडकेत त्यांतली काही हातातून निसटली आणि चारांपैकी एक मूल दगावलं. माणसाचे हात कितीही घट्ट धरले तरी त्या धक्क्यापुढे टिकत नाहीत. म्हणूनच अमेरिकेची विमानवाहतूक यंत्रणा लहान मुलाला स्वतःची सीट घ्या आणि मान्यता असलेल्या बाल-आसनात बसवा, असं सुचवते.

परवडत असेल तर सीट घ्यावी. नसेल तर निदान एवढं पाळावं. आईने स्वतःच्या पट्ट्यात बाळाला गुंडाळू नये, कारण धक्क्यात आईचा सगळा भार बाळावर येतो. कंपनी बाळासाठी वेगळा जोडपट्टा देत असेल तर तो मागून घ्यावा. भिंतीला लावायचा पाळणा, ज्याला बॅसिनेट म्हणतात, तो पहिल्या रांगेतल्या मोजक्या सीटपुढेच बसतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. तो तिकीट काढतानाच मागावा. पट्ट्याची खूण लागली की बाळाला पाळण्यातून काढून जवळ घ्यावं लागतं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो.

पट्टा हा मोठ्यांनाही तितकाच लागू आहे. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान म्यानमारवर असताना अचानक हवेच्या तडाख्यात सापडलं. सगळा प्रकार काही सेकंदांचा होता. पट्टा न लावलेली माणसं उडून छतावर आपटली. एका वृद्ध प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले, काहींच्या मणक्यांना इजा झाली. नाश्ता वाटपाची वेळ होती. बसलेले असताना पट्टा सैलसर का होईना, लावून ठेवावा. पांघरुणाच्या वरून लावला तर कर्मचारी आपल्याला झोपेतून उठवत नाहीत.

आणखी एक. प्रवासी विमानाला मान्यता मिळताना निम्मी दारं बंद ठेवून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपानी प्रवासी विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली आणि आग लागली. लहान विमानातले पाच जण गेले, पण प्रवासी विमानातले ३७९ जण वाचले. त्यांनी सामान मागेच सोडलं होतं. तेव्हा बसल्यावर आपल्यापासून सर्वांत जवळचं दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवा. मागचं दारही मोजा. मुलांना हा खेळ वाटतो. मग कोणत्या मोठ्याने कोणत्या मुलाचा हात धरायचा, तेही ठरवा.

त्यासाठी मुलं जवळ बसलेली हवीत. हल्ली सीट निवडायचे वेगळे पैसे घेतात आणि पैसे न भरणारं कुटुंब विमानभर विखुरलं जातं. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाजवळ सीट द्यावी. म्हणून सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढावं. आजी-आजोबांचं वेगळं काढलं तर त्यांना आपल्याजवळ बसवणं कठीण जातं.

जेवण, झोप आणि औषधं

विमानातलं जेवण बेचव लागतं यात सगळा दोष स्वयंपाक्याचा नाही. कमी दाब आणि कोरडं नाक यांमुळे खारट आणि गोड चव आपल्याला कमी कळते, असं जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत विमानासारखी केबिन बनवून केलेल्या चाचण्यांत दिसलं. इंजिनाच्या सततच्या आवाजाचाही चवीवर परिणाम होतो. टोमॅटोची चव मात्र टिकून राहते. म्हणून विमानात टोमॅटोचा रस मागणारे खूप असतात.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचं नाव नीट वाचावं. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात बहुधा गोमांस नसलेला मांसाहार असतो. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ किंवा ‘व्हीगन’ निवडलं तर उकडलेल्या भाज्या आणि पास्ता येतो. आपल्या पद्धतीचा भात-भाजी हवा असेल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ निवडावं, आणि ते निघण्याआधी एक-दोन दिवस तरी नोंदवावं. सोबत दशम्या, खाकरे, कोरडा चिवडा असू द्यावा. लोणचं मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. सुकं खोबरं नेऊ नये. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणारं समजलं जातं. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या पिशवीतच हवी.

औषधं कधीच मोठ्या बॅगेत टाकू नयेत. किमान आठवड्याची औषधं, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी हवी. मोठ्या बॅगेत इन्सुलिन गोठण्याचाही धोका असतो. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, परत येताना आखडतो. त्यामुळे मधुमेहाची औषधं कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणावं.

घड्याळाचा प्रश्न पोचल्यावर खरा सुरू होतो. आपल्या पेशींमध्ये दिवस-रात्रीचं एक घड्याळ चालू असतं. ते कसं चालतं याच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लावलं जातं आणि दिवसाला साधारण एक तासच सरकतं. न्यूयॉर्क आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं. म्हणजे पुरतं जुळायला नऊ-दहा दिवस हवेत. पूर्वेला, म्हणजे परत येताना, जास्त जड जातं, कारण शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब आहे. उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जमत नाही.

म्हणून मुलाने कौतुकाने पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नायगारा ठरवला असेल, तर त्याला प्रेमाने नको म्हणा. पहिले तीन दिवस घराजवळच हिंडा. सकाळी उजेडात बसा, दुपारी अर्ध्या तासाहून जास्त झोपू नका. नातवंडं पहाटे तीनला उठून भूक लागली म्हणतील. पोळीचा लाडू तयार ठेवा आणि रागावू नका. पहिले दोन दिवस कुणी लांबवर गाडी चालवू नये.

थोडं हक्कांविषयी

चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअर मागायला संकोच करू नये. परदेशातल्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. मात्र नुसतं इंग्रजी येत नाही किंवा रांग टाळायची म्हणून ती मागितली, तर खऱ्या गरजूला थांबावं लागतं. अनेक कंपन्या ज्येष्ठांना सोबत देण्याची वेगळी सोय करतात, तिची चौकशी करावी.

बॅग आली नाही किंवा मोडून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार, ज्यात भारतही २००९ साली सामील झाला, सामान मोडलं तर सात दिवसांत आणि उशिरा आलं तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी मागणी करावी लागते. भरपाईला कमाल मर्यादा आहे, ती डिसेंबर २०२४ पासून माणशी दोन हजार डॉलरच्या आसपास आहे. दागिने आणि कागदपत्रं त्या बॅगेत नसावीत, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यातून घरातल्या कर्त्या माणसाने एक छोटं काम करावं. तिकीट काढण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहावं की औषधं कोणती, मोजे लागतील का, वाटेकडची सीट हवी का, जेवण कोणतं, कुणाच्या शेजारी कोण. आजींना त्यांचं दुखणं नीट विचारावं, “काही नाही रे” या उत्तरावर थांबू नये. अर्ध्या तासाचं हे काम आहे. ते झालं की एकतीस इंचांतही सोळा तास निभावतात आणि पलीकडे उभ्या असलेल्या लेकरांना माणसं धडधाकट भेटतात. आपला प्रवास सुखाचा होवो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)